खंडेनवमीच्या ताटात राहिलेली गोळी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला पहिल्यापासून राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या धंद्यात असल्या गोष्टींना नुसता ऊत — अमक्या घाटात बाई हात दाखवते, तमक्या पुलावर इंजिन आपोआप बंद पडतं... मी अशा ड्रायव्हरला एवढंच विचारतो, "बाबा, टाकीत पेट्रोल किती होतं?" निम्म्या वेळा भूत तिथेच सापडतं. हे सदर वाचतानाही मी पुष्कळदा हसलोय, वाचकांनी राग मानू नये. पण एक प्रकार असा घडला की तो मी स्वतः पान्याने उघडून बघितला, आणि तरी मला कळला नाही. म्हणून लिहितो.

सदतीस सालच्या आसपासची गोष्ट. नाशकात पंचवटीच्या बाजूला, आग्रा रोडवर माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, पत्र्याची शेड आणि दोन खड्डे. सगळे मला दत्तू मिस्त्री म्हणत. गिअरबॉक्सचं काम म्हटलं की गाडी माझ्याकडेच यायची, आणि त्याचा मला माज होता. होता म्हणजे होता, आता लपवून काय करू?

युसूफभाई मालेगावचे. त्यांची नाशिक ते मालेगाव सर्व्हिस मोटार होती, वीसेक माणसं बसायची. त्या मोटारीला एक खोड लागली होती. सपाटीला ठीक चाले, पण उताराला सेकंड गिअर टाकला की थोड्याच वेळात तो खाडकन निसटायचा. ज्यांना मोटारीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो — घाट उतरताना नुसत्या ब्रेकवर भरलेली गाडी आवरत नाही. गिअरने तिला धरून ठेवावं लागतं. तो निसटला की गाडी मोकळी सुटते. आणि युसूफभाईंच्या वाटेवर चांदवडच्या पुढे राहुडचा घाट. रोज मालेगावकडे उतरताना ते डाव्या हाताने गिअरचा दांडा दाबून धरायचे आणि एका हाताने स्टिअरिंग मारायचे.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी त्यांनी मोटार आणून उभी केली. म्हणाले, "मिस्त्री, दसऱ्याला सकाळी सातला गाडी निघायलाच हवी. पॅसेंजर ठरलेत. अब तू जाने."

उघडून बघितलं तर दाते थोडे झिजलेले होते, पण मुख्य रोग वेगळाच. गिअरबॉक्सच्या आत सळई सरकते आणि गिअर बदलतो. ती सळई जागेवर राहावी म्हणून तिला खाच असते. त्या खाचेत एक पोलादी गोळी बसते, बोराच्या बीएवढी, आणि गोळीवर स्प्रिंगचा दाब. ही स्प्रिंग पार मेली होती. मी नवी स्प्रिंग आणि नवी गोळी काढली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. पाने, हातोड्या, पक्कड, सगळं रॉकेलने धुऊन पुसून ताटात मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि एकदा पूजा झाली की दसरा उजाडून सकाळची पूजा होईपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. वडिलांपासून चालत आलेलं. मी देवाधर्मातला फार नव्हतो, पण हे मात्र पाळायचो. त्यामुळे दुपारच्या आत काम उरकायचं म्हणून माझी जी धांदल झाली ती विचारू नका. डोकं मोटारीत आणि हात पूजेत! गिअरबॉक्स बंद केला, गोळीच्या भोकावरचं बूच आवळलं, पाने धुतले, ताट मांडलं.

एरवी गिअरचं काम झालं की मी नदीकडच्या उतारावर गाडी घालून बघतो. त्या दिवशी घातली नाही. पूजा झाली होती ना! उतारावर काही खोट निघाली असती तर पाना उचलावा लागला असता. मग बघायचंच कशाला? असा माझा शहाणपणा.

आता घरातलं. सौ.ला दसऱ्याला माहेरी जायचं होतं, उमराण्याला. गाव त्याच रस्त्यावर, घाट उतरला की पुढे. आमची मुलगी तेव्हा आठ महिन्यांची. सौ. म्हणत होती की मनमाडपर्यंत रेल्वेने जाते, तिथून भाऊ गाडी जुंपून न्यायला येईल. मीच हट्ट धरला. "माझ्या हातची मोटार असताना रेल्वेने जायचं? लोक काय म्हणतील?"

ती म्हणाली, "लोकांचं राहू द्या. तान्हं पोर आहे बरोबर."

"म्हणून तर सांगतोय," मी म्हटलं. "आता ती गाडी माझ्या जबाबदारीवर आहे."

दसऱ्याला सकाळी सात वाजता झेंडूच्या माळा घातलेली ती मोटार निघाली. सौ. पुढच्या बाकावर, मांडीवर मुलगी. मी टोपी हलवून निरोप दिला.

सव्वाआठच्या सुमारास मी आंघोळ करून गॅरेजात आलो, हत्यारांना फुलं वाहिली आणि ताट उचललं. दहा नंबरच्या पान्याखाली काहीतरी चमकलं... हळदकुंकू लागलेली नवी गोळी. शेजारी नवी स्प्रिंग. तिलाही हळदकुंकू! मीच माझ्या हाताने वाहिलेलं. धुतलेल्या सगळ्या वस्तू एका फडक्यावर होत्या, आणि मी त्या घाईत सगळ्याच उचलून ताटात मांडल्या होत्या. जुनी गोळी आणि मेलेली स्प्रिंग तर भंगारात टाकून मोकळा झालो होतो. म्हणजे मोटारीत काहीच नव्हतं. बुचाखाली नुसतं रिकामं भोक.

मी खालीच बसलो. दोन मिनिटं मला काय करायचं तेच सुचेना.

एका वकीलसाहेबांची छोटी गाडी दुरुस्त होऊन उभी होती. विचारायला जायला वेळ नव्हता. गोळी आणि स्प्रिंग खिशात टाकली, दोन पाने घेतले आणि निघालो. ओझरला मोटार पुढे गेलेली. पिंपळगाव बसवंतला चहावाला म्हणाला, "अर्धा तास झाला की." मी त्याला विचारलं, "ड्रायव्हर काही बोलत होता का? गिअरबद्दल?" तो म्हणाला, "नाय बा. लय खुशीत व्हता."

हे मला पटेना. गोळी नसली की गिअरचा दांडा लुळा पडतो, मैलाभरात ड्रायव्हरला कळतं. युसूफभाईंचा हात वीस वर्षांचा. त्यांना कसं कळलं नाही? की कळलं, आणि दिवस दसऱ्याचा, पॅसेंजर भरलेले, म्हणून तसेच रेटत निघाले?

चांदवड सुटलं आणि घाट लागला. तो घाट मी कसा उतरलो ते माझं मलाच ठाऊक. रस्त्याकडे कमी आणि दरीकडे जास्त बघत होतो. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता झेंडू दिसणार. तोंडाने देवाचं नाव येत होतं, आणि मी देवाला नव्हे, स्वतःला शिव्या घालत होतो. एका झाडाखाली गर्दी दिसली तेव्हा मी ब्रेक मारून खाली उडी टाकली. बाजाराला चाललेली माणसं बैल सोडून बसली होती.

उमराण्यात मोटार रस्त्याच्या कडेला उभी होती. अख्खी! माळासुद्धा जागच्या जागी. लोक उतरून हातपाय मोकळे करत होते. सौ. पारावर बसून मुलीला पाणी पाजत होती. मी गाडीतून उतरलो आणि भर रस्त्यात रडायला लागलो. लाज वगैरे काही वाटली नाही. एक म्हातारी जवळ येऊन म्हणाली, "रडू नको भाऊ, सगळं बरं शे."

सौ. धावत आली. "अहो, काय झालं? तुम्ही इथे कसे?"

मी पटकन म्हटलं, "सोनं द्यायला आलो. लग्नानंतर एकही दसरा चुकला नाही ना आपला." खिशात आपट्याचं एक पान नव्हतं. तिने ते विचारलंसुद्धा नाही. डोळ्यांना पदर लावला आणि भावाला हाक मारली, "अरे, बघ कोण आलंय!"

ती मंडळी सामान काढायला लागली तसं मी युसूफभाईंना बाजूला घेतलं. ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मिस्त्री, मान गये! आज सेकंड असा धरला की मी हात लावला नाही. सगळा घाट दोन्ही हात स्टिअरिंगवर."

मी खिशातली गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांना आधी कळेना. मग कळलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"झूट," ते म्हणाले. "गाडीत आहे ती. असल्याशिवाय कशी उतरली?"

मोटार थोड्या उतारावर होती, म्हणून त्यांनी ती सेकंडमध्ये ठेवून उभी केली होती. मी दांडा न्यूट्रलला ओढला. येईना. म्हटलं, दात्यांवर वजन आलं असेल. चाकांना दगड लावले, चौघांनी मोटार मागेपुढे झुलवली, मी क्लच दाबून ओढला, मग युसूफभाईंनी ओढला, मग दोघांनी मिळून. भिंतीत पुरल्यासारखा दांडा! मी ड्रायव्हरच्या पायाखालची फळी उचलली, बूच खोललं. भोक रिकामं होतं. तार घालून तळापर्यंत फिरवली. काही नाही, फक्त तेल. युसूफभाईंनी स्वतः तार घेऊन बघितलं.

मग मी गोळीवरचं हळदकुंकू पुसलं, गोळी टाकली, स्प्रिंग टाकली, बूच आवळलं. आणि एका बोटाने दांडा न्यूट्रलला आला.

मी म्हटलं, "शिव्या घाल, मार मला." ते म्हणाले, "मारलं असतं मिस्त्री, पण हात चालत नाही. जा, बहिणीला काही सांगू नको. उगाच धास्तावेल."

आता तुम्ही म्हणाल, सळई कुठेतरी अडकली असेल. मीही तेच म्हटलं. आठवड्याने मोटार परत आणली आणि पूर्ण गिअरबॉक्स टेबलावर काढला. सळईवर ओरखडा नाही, कचरा नाही, दाते आधी होते तसेच झिजलेले. मग मुद्दाम गोळी काढून, रिकामी मोटार नदीच्या उतारावर घातली. दहा पावलांत गिअर निसटला. पुन्हा घातली, पुन्हा निसटला. संध्याकाळपर्यंत हेच केलं. एकदाही धरला नाही. रेल्वेच्या कारखान्यातल्या एका जाणत्या माणसाला सांगितलं, त्याने तेलापासून उष्णतेपर्यंत चार कारणं दिली. चारही मी करून बघितली. मग त्याने विषय बदलला.

युसूफभाई आता नाहीत. शेवटपर्यंत ते कुणाला बोलले नाहीत आणि माझ्याशिवाय कुणाकडे गाडी नेली नाही. गॅरेज आता दुसरे लोक चालवतात. मी अजूनही भुतं मानत नाही. त्या घाटात गिअर कशाने धरून ठेवला, ते मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर कळवा, पण तेल आणि उष्णता सोडून.

राहिली सौ. ती दर दसऱ्याला शेजारणींना सांगते, आमच्या ह्यांनी एका वर्षी पन्नास मैल मोटार हाकली, कशासाठी, तर मला सोनं द्यायला! सांगताना अजून लाजते. मुलगीही लहानपणापासून हेच ऐकत आली, आता ती तिच्या पोरांना सांगते. दरवेळी मी तिथून उठून जातो, आणि सगळ्यांना वाटतं, मी लाजतो.

हा अंक घरी येतो आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते. तेव्हा इथेच सांगतो, कारण तोंडाने इतक्या वर्षांत जमलं नाही. अगं, मी त्या दिवशी सोनं द्यायला आलो नव्हतो. तुम्हा दोघींना दरीत शोधायला निघालो होतो.