बेसचा डबा आणि तात्यांचा डावा हात

"दिगू, माझो डावो हात खंय गेलो?"

तात्या पखवाजावरून न उठता विचारत होते. सोमवार, दुपारचे साडेबारा. देवळात श्रावणातला भजनी सप्ताह. रोज चार वाजता एका वाडीची पाळी, आणि आज आमची. तात्या पखवाजाच्या डाव्या बाजूवर थाप मारत होते आणि माझ्या नव्याकोऱ्या बेसच्या डब्यातून शेजारच्या घरात कोणी भाताचं पोतं टाकल्यासारखा आवाज येत होता.

पखवाजाची उजवी बाजू टणक बोलते. डाव्या बाजूला कणीक थापलेली असते, ती घुमते. ही घुम साध्या बॉक्समधून लोकांपर्यंत पोचत नाही. तिला बेसचा वेगळा बॉक्स लागतो, म्हणजे मोठ्या स्पीकरची मोठी लाकडी पेटी. माझ्याकडे ती नव्हती. गेली सहा वर्षं तात्या दर सप्ताहात सांगत होते की उजव्या हाताची मेहनत जगाला कळते, डाव्याची देवालाच. यंदा आमच्या भजनाच्या बुवांनी सरळ सांगून टाकलं होतं. तात्यांचा डावा वाजला तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी साऊंड कुडाळहून येईल. तीस वर्षं या देवळात माझाच साऊंड. कुडाळवाल्याचे बॉक्स देवळाच्या पायऱ्या चढताना बघण्यापेक्षा मी मुंबईला जाऊन राहिलो असतो.

तयार बॉक्स घेता आला असता. पण चारचौघांत मी बोलून गेलो होतो की त्यात काय असतं, प्लायच्या चार फळ्या आणि एक भोक. म्हणून पुण्याहून किट मागवलं. किट म्हणजे मशीनवर अचूक कापलेल्या फळ्या, एकीची कड दुसरीच्या खाचेत बसणारी. गोंद लावा, स्क्रू मारा, झालं. विकणारा फोनवर म्हणाला, "सुतार लागणारच नाही साहेब."

त्याने श्रावणात मालवण बघितलेलं नसावं. पार्सल दोन दिवस माझ्या पडवीत राहिलं आणि फळ्या दमट हवेने फुगल्या. कड खाचेत जाईना. मी हातोडी घेतली. कड गेली, पण कोपऱ्याचा टवका घेऊन गेली. दुसरी फळी उलटी चिकटवली, ती उपटताना प्लायचा एक पापुद्रा सोबत आला. किटबरोबर एक नकाशाचा कागद होता. गोंदाचा डबा मी त्याच्यावरच ठेवला होता. डबा उचलला तेव्हा नकाशाही उठला, डब्याच्या बुडाला चिकटून, निम्माच. बायको दारात उभी राहून बघत होती. मग केरसुणी आणून माझ्या पायाशी ठेवून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा मी सगळ्या फळ्या टेम्पोत घातल्या आणि बाबल मेस्त्रींकडे गेलो. बाबल मेस्त्री होड्या बांधतात. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर माडाच्या विणलेल्या झापांखाली असतात, त्यांची डागडुजी नारळी पुनवेआधी उरकायची असते. म्हणजे मेस्त्रींना मान वर करायला फुरसत नव्हती. पण स्पीकरची पेटी हवाबंद लागते, सांध्यातून हवा फुसफुसली तर बेस मेला. आणि फळीला फळी बंद बसवण्यात त्यांचा हात धरणारा आमच्याकडे कोणी नाही.

मी त्यांना उभ्या उभ्या समजावलं. पुढचं मोठं गोल भोक स्पीकरचं. मागचं लहान चौकोनी भोक वायरचं. बाकी खंयसूनय वारो भायर जावक नको. हे मी तीनदा सांगितलं. पुन्हा पायरीवर वळून चौथ्यांदा सांगितलं.

शनिवारी संध्याकाळी पेटी तयार. असं काम मी आयुष्यात बघितलं नव्हतं. माझा फुटका कोपरासुद्धा भरून, घासून, काळा रंग मारून दिला होता. मी घाईत स्पीकर बसवला, पुढे लोखंडी जाळी आवळली आणि रविवारी सकाळी गाणं लावलं.

बेस नाही. म्हणजे होता, पण रजई पांघरून झोपलेला.

मग मी जे केलं ते कोणत्याही साऊंडवाल्याने केलं असतं. आधी वायर बदलली. मग ॲम्प्लिफायर बदलला. मग स्पीकरची टोकं उलटी जोडून बघितली, मग पुन्हा सुलटी. पेटी भिंतीला लावली, भिंतीपासून काढली, कोपऱ्यात ठेवली. दर अर्ध्या तासाने वाटायचं, आता सुधारला. तो सुधारत नव्हता, मीच आवाज वाढवत होतो. मनाला समजावलं की देवळात चिऱ्याच्या भिंती आहेत, तिथे घुमेल. रविवारची झोप अशीच गेली.

देवळात घुमला नाही, हे वर आलंच आहे.

तात्यांनी दुसऱ्यांदा थाप मारली आणि माझ्याकडे बघितलं. मी मोबाइल घेऊन बाहेर तुळशीपाशी गेलो. पुण्याच्या माणसाला चांगला झापायचा विचार होता. झापलाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"पोर्टला हात लावून बघा," तो म्हणाला. "हवा येते का?"

"कशाला?"

"पोर्टला. समोर, तळाशी, आडवी फट आहे ना, तिला."

मी आत गेलो. तात्यांना वाजवत राहायला सांगितलं, जाळीवर गाल टेकवला आणि मोबाइलच्या बॅटरीचा उजेड आत पाडला. काळ्या रंगावर काळा रंग. फट नव्हती.

"साहेब, आहात ना?"

"मी आहे," मी म्हणालो. "फट नाहीये."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्याने विचारलं, "तुम्ही नक्की बांधलंय काय?"

गोष्ट सोपी आहे. स्पीकरचा पडदा पुढे-मागे हलतो. मागे गेला की पेटीतली हवा दाबली जाते. ती हवा ठरावीक मापाच्या फटीतून पुढे सोडली की तीसुद्धा आवाज करते, आणि खालच्या सुरांचा मोठा वाटा तिथूनच येतो. तीच फट बंद केली तर स्पीकर आतल्या आत कुंथत बसतो. तीस वर्षं बॉक्स उचलणाऱ्या माणसाला हे ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. मेस्त्रींना सांगताना मी भोकं दोनच मोजली होती.

एक वाजला होता. पेटी टेम्पोत टाकली आणि किनाऱ्याकडे सुटलो.

मेस्त्री झापाखाली होडीच्या बुडाशी आडवे होते. पेटी बघून उठले.

"गळता काय?"

"गळत नाय. ताच दुखणा आसा," मी म्हणालो. "खालची फट बुजवलात?"

"बुजवलंय. तुझ्या त्या कंपनीन फळी आखूड धाडल्यान. आतसून उंडीच्या लाकडाचो तुकडो मारलंय, कापूस ठोकलंय, वयर राळ. दर्यात सोडलंस तरी थेंब जावचो नाय."

"मेस्त्रीनू, ती फट होयी होती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वारो जावक नको म्हणान चार फेरे कोण सांगल्यान?"

मी म्हटलं, झालं ते झालं, आता ती उघडून द्या, चार वाजता भजन आहे. मेस्त्री पुन्हा होडीखाली शिरले. आतून म्हणाले, "बापाशीन माका भोकां बुजवूक शिकवल्यान. पाडूक नाय."

मी घड्याळ बघत होतो. हवेचा दाब, पडदा, सूर, सगळं पुन्हा सांगितलं. ते ठोकत राहिले. शेवटी कंटाळून मी विचारलं की गणपतीत तुम्ही घुमट वाजवता, त्याचं मागचं तोंड बंद केलं तर काय वाजेल? घुमट म्हणजे मातीचं मडकं. एका तोंडाला कातडं, दुसरं उघडं. वाजवणारा उघड्या तोंडावर हात झाकत-उघडत घुम काढतो.

ठोकणं थांबलं. मेस्त्री बाहेर आले, पेटीसमोर उकिडवे बसले आणि बुजवलेल्या जागेवरून हात फिरवला.

"मरे, ह्या घुमट आसा म्हणान आदीच सांगूक काय झाला होता तुका?"

उंडीचा तुकडा सहज निघाला नाही. होडीत बसवलेलं लाकूड निघू नये अशाच बेताने तो बसवला होता. मेस्त्री पटाशी चालवत होते आणि दर घावाला स्वतःच्याच कामाची तारीफ करत होते. बघ कसा धरून बसलाय. मी मिनिटं मोजत होतो. अडीच वाजून गेले तेव्हा शेवटचा तुकडा सुटला. कड एका बाजूला जरा तिरकी राहिली. तिरकी तर तिरकी. जाळी अर्ध्याच स्क्रूंवर लावून मी निघालो.

पावणेचारला पेटी सभामंडपात. बुवा हार्मोनियमवर सूर धरून बसले होते, माणसं जमली होती. तात्यांनी कणीक पुन्हा थापली आणि डाव्या हाताने एक थाप दिली.

ती फरशीतून पायाला लागली. मागे बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. तात्यांनी आणखी एक दिली, मग एक, आणि माझ्याकडे बघून हसले. सहा वर्षांत पहिल्यांदा.

भजन सुरू झालं. पहिला अभंग छान गेला. दुसऱ्यात लय वाढली आणि माझ्या लक्षात आलं की डावा हात अधूनमधून उशिरा येतोय. बुवांच्याही लक्षात आलं. त्यांनी गाता गाता मान वळवून बघितलं. शेवटच्या गजरात लय दुपटीवर गेली तेव्हा डावा हात दोन आवर्तनं आलाच नाही, आणि न आलेला सगळ्या देवळाला ऐकू आला. सहा वर्षं कोणी ऐकत नव्हतं, त्यामुळे तात्यांनी तिकडे लक्ष देणं सोडलं होतं. आता लपायला जागा नव्हती. कारण पेटी उत्तम होती.

प्रसाद घेताना बुवा मला म्हणाले की साऊंड हाच राहू दे, तात्यांशी मी बोलतो. तात्या पखवाज गवसणीत घालत होते. मी जवळ गेलो तर खाली बघूनच म्हणाले, "दिगू, फुडल्या वर्सा तो डबो जरा बारीक ठेव. निदान गजराक."

त्यावरून एक शिकलो. कारागिराला काय नको ते चार वेळा सांगून भागत नाही, काय हवं ते एकदा तरी सांगावं. हल्ली मी फळ्या देण्याआधी प्रत्येक भोकाभोवती खडूने गोल काढतो आणि शेजारी लिहितो, 'हे हवं'. दुसरी पेटी मेस्त्रींनाच दिली. त्यांनी फट सोडली, पण तिच्या आतल्या कडा घासून, गोल करून, वर तेलाचा हात मारला होता. तो कशाला, विचारलं.

"वारो जावचोच आसा," ते म्हणाले, "तर बरो जावंदे."