छातीशी धरलेलं पोतं

हिंगोलीच्या आमच्या जिममध्ये सगळे खांद्यावर बार घेऊन स्क्वॉट मारायचे. एक जण मात्र टाचांखाली फळी ठेवून, वाळूचं पोतं छातीशी कवटाळून सावकाश खाली बसायचा. त्याच्या भरलेल्या मांड्यांचा मला हेवा वाटायचा.

एकदा मी शहाणपणा केला. "पाठीवर बार घ्या. जास्त वजन उचलाल."

"काहून? पोरीला असंच धरून बैठका मारायचो. आता मायसंगं पुण्याला राहते. भेटू देत न्हाईत."

मग त्यानं पोत्यात ओंजळभर वाळू टाकली. "आज नववं लागलं तिला. दर वाढदिवसाला अंदाजानं वाढवून राहिलो. तुमीच सांगा, बराबर असंल का वजन?"

माझी लेकही तेवढीच. मी पोतं उचलून पाहिलं. तिला शेवटचं कधी उचललं होतं, तेच मला आठवेना.