आमच्या वर्कशॉपच्या सरांची चूक

आमच्या वर्कशॉपच्या सरांनी उभ्या आयुष्यात एकाही विद्यार्थ्याला त्याच्या नावानं लक्षात ठेवलं नाही. ठेवलं ते त्याच्या चुकीनं. नांदेडच्या आमच्या टेक्निकल कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं पुढं धरणांवर मुख्य अभियंता झाली, रेल्वेत साहेब झाली, एक-दोघं अमेरिकेला जाऊन तिथलीच झाली. अशा नामवंत माजी विद्यार्थ्यांचे फोटो कॉलेजच्या दर्शनी भिंतीवर ओळीनं लावलेले होते आणि ती भिंत पाहुण्यांना दाखवायला सर पुढं सरसावले की प्राचार्यांना घाम फुटायचा. "हे मोठ्या धरणावरचे चीफ इंजिनियर. लोखंड घासताना ह्याची कानस शेवटपर्यंत डुलत राहिली. हे अमेरिकेतले. ह्यानं पहिल्याच दिवशी हातोडा स्वतःच्या अंगठ्यावर मारला आन् शिवी शेजारच्याला दिली." ते चीफ इंजिनियर एकदा लवाजमा घेऊन समारंभाला आले होते. गर्दीतून सरांचा आवाज आला, "काय रे डुलत्या, बरा हाईस का?" एवढा मोठा माणूस, पण त्यानं झटकन दोन्ही हात पाठीमागं लपवले. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, सर सहा इंची पोलादी पट्टी ठेवायचे. उमरीकडच्या शेतकरी घरातला हा माणूस. पण शेताच्या बांधापेक्षा त्यांचा विश्वास त्या पट्टीवर जास्त. माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी मांडवाचा एक खांब तिरपा आहे म्हणून मांडववाल्याला बाजूला घेतलं आणि मंगलाष्टका संपेपर्यंत त्याची हजेरी घेतली. निकालाच्या बाबतीत तर त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. कुणी पोरगा मार्कांसाठी रडत आला की ते त्याचा जॉब, म्हणजे परीक्षेत त्यानं घडवलेला लोखंडी तुकडा, टेबलावर आपटायचे आणि म्हणायचे, "लोखंड खोटं बोलत न्हाई. बोलतो तो माणूस." विषय संपला.

अशा माणसाकडे मदतीला जायची पाळी माझ्यावर आली, तो उन्हाळा मी विसरू शकत नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. कार्यालयांच्या पाट्यांचा रंगही वाळला नव्हता, टेबलं होती तर खुर्च्या नव्हत्या, आणि वर दुष्काळ. त्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पाणीपुरवठ्याचा ज्युनियर इंजिनियर होतो. नदीच्या कोरड्या पात्रात एक विहीर, विहिरीवर दोन पंप. त्यातला एक आधीच दुरुस्तीला गेलेला. दुसरा एका सकाळी मोठा आवाज करून थांबला. उघडून पाहिलं तर पंप फिरवणारा दांडा, मनगटाएवढा जाड शाफ्ट, मधोमध तुटलेला. टाकीत दोन दिवसांचं पाणी होतं, तेही हात आखडून सोडलं तर.

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. बायका रिकाम्या घागरी घेऊन कार्यालयाच्या दारात येऊन बसल्या. ओरडणं नाही, घोषणा नाही. नुसत्या बसल्या. त्या गप्प बसण्यानंच माझा धीर सुटला. माझ्या वरच्या साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "कलेक्टर परवा येऊन राहिले. तोवर काहीही कर." पुण्याहून नवा शाफ्ट यायला आठ दिवस. लातूरच्या लेथवाल्यांनी हात जोडले. असलं पोलादच त्यांच्याकडे नव्हतं. मग मी शाफ्टचे दोन्ही तुकडे पोत्यात गुंडाळले आणि नांदेडची एसटी धरली.

सर तेव्हा निवृत्त झाले होते. अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मला पाहिलं, पोत्याकडं पाहिलं, आणि पाणीसुद्धा न विचारता तुकडा हातात घेतला. तुटलेल्या जागेवरून बराच वेळ बोट फिरवलं.

"हा तुटला न्हाई," ते म्हणाले. "ह्याला तोडलंय. पंप आन् मोटर एका रेषेत नव्हते. रोज थोडा थोडा वाकून राहिला बिचारा. मोटर कोणी बसवली?"

"मी, सर."

"रेषा तपासली?"

गेल्या महिन्यात मोटर बसवताना संध्याकाळ झाली होती, लोक पाण्यासाठी खोळंबले होते. मी डोळ्यांनी पाहून बोल्ट आवळले होते आणि रजिस्टरवर 'तपासले' असं लिहून सही केली होती. मी मान खाली घातली.

"उद्या सकाळी सातला ये," सर म्हणाले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सकाळी आम्ही गेलो ते आमच्याच कॉलेजच्या एका माजी विद्यार्थ्याच्या कारखान्यात. हा माझ्याहून बराच सीनियर. बिलोलीकडचा, मोलमजुरी करणाऱ्या बौद्ध कुटुंबातला. आता त्याच्या कारखान्यात चाळीसेक माणसं कामाला होती, आणि कॉलेजच्या भिंतीवर त्याचाही फोटो होता. मात्र त्या फोटोसमोर सर कधी थांबत नसत. नुसतं म्हणायचे, "हा नापास झालता," आणि पुढं सरकायचे.

केबिनमध्ये टेबलावर बुद्धाची लहानशी संगमरवरी मूर्ती होती. तो उठून उभा राहिला, सरांना बसायला सांगितलं, चहा मागवला. शाफ्ट पाहिला.

"पोलाद हाय माझ्याकडं," तो म्हणाला. "पण ते दुसऱ्याच्या ऑर्डरचं हाय. मशीनही आठ दिवस मोकळी न्हाई."

"गावाला पाणी न्हाई," सर म्हणाले.

"हाव सर. समजलं." त्यानं चहाचा कप पुढं सरकवला. "एक विचारू? माझा जॉब आठवतो तुम्हाला? मला नापास केला तो?"

"आठवतो ना. एका अंगानं अर्धा मिलिमीटर कमी. फट अशी, की त्यातून उजेड दिसायचा."

"तो माझा नव्हता."

तो शांतपणे सांगत होता. जॉबच्या कोपऱ्यावर प्रत्येकाचा नंबर ठोकलेला असे. परीक्षेच्या दिवशी कुणीतरी त्याचा नंबर कानशीनं घासून तिथं स्वतःचा ठोकला आणि आपला बिघडलेला जॉब ह्याच्या नंबरानं ठेवला. दुसऱ्या दिवशी ह्याला स्वतःचा जॉब काचेच्या कपाटात दिसला, 'उत्कृष्ट' अशी चिठ्ठी लावलेला.

"मग सांगितलं का न्हाई?" सरांचा आवाज चढला.

"आलतो ना सर सांगायला. तुम्ही जॉब टेबलावर आपटला. म्हणले, लोखंड खोटं बोलत न्हाई."

सरांचा हात खिशातल्या पट्टीकडं गेला आणि तिथंच राहिला.

"स्कॉलरशिप बंद झाली. ते वर्ष मी भोकरला एका गॅरेजात काढलं. आईनं खडी फोडली. पुढच्या वर्षी परत आलो, पास झालो."

"माझ्या मनात तुझ्याबद्दल दुसरं काही नव्हतं रे," सर म्हणाले.

"ते मालूम हाय सर. तुम्ही कोणाचं गाव-घर बघत नव्हते. म्हणून तर जास्त लागलं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी समजून घेतलं असतं, की असंच असतंय."

"कोणी बदलला जॉब?"

"ते सांगणार न्हाई. लई मोठा हाय आता तो. त्यालाही लेकरंबाळं हायेत."

मला वाटलं, आता सर उठतील आणि निघून जातील. माझा शाफ्ट गेला, गाव गेलं. सर उठले खरे. पण केबिनचं दार उघडून ते थेट कामगारांत जाऊन उभे राहिले. मशिनी चालू होत्या, म्हणून त्यांना ओरडून बोलावं लागलं. "ऐका रे! हा तुमचा मालक कधी नापास झाला नव्हता. मी केलता. चूक माझी हाय!" दोन-तीन लेथ थांबल्या. कामगार एकमेकांकडं बघायला लागले. माझी मान वर होईना.

तो केबिनच्या दारात उभा होता. मग त्यानं हातातलं घड्याळ काढलं, बाह्या दुमडल्या आणि मोठ्या लेथवरच्या माणसाला म्हणाला, "सरक बाजूला. ती ऑर्डर उतरव." कित्येक वर्षांत त्यानं स्वतः मशीन चालवली नव्हती, असं एक कामगार माझ्या कानात म्हणाला.

दुपारी दोनपर्यंत तो उभा होता. पोलादाचा निळा कीस त्याच्या बुटांवर साचला. सर शेजारी स्टुलावर बसून होते. पण त्यांनी टोकलं नाही, सांगितलं नाही, एकदाही पट्टी काढली नाही. शेवटी शाफ्ट उतरवून त्यानं तेल पुसलं आणि सरांच्या मांडीवर ठेवला.

"तपासा."

"मी न्हाई तपासणार," सर म्हणाले. "तू म्हणशील तेच माप."

"असं नका करू सर. गावाचं पाणी हाय. तपासा."

सरांनी मायक्रोमीटर घेतला. तीन ठिकाणी मोजलं, चष्मा काढून पुसला, आणि चौथ्या ठिकाणी मोजलं. "बरोबर हाय," ते म्हणाले. एवढंच.

त्यानं स्वतःची जीप दिली. दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत आम्ही पंपाशी होतो. सर उकिडवे बसले आणि माझ्याकडून मोटरची रेषा एकदा नाही, पाच वेळा तपासून घेतली. विहिरीच्या काठावर घागरी घेऊन माणसं उभी होती. साहेबही आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "रिपोर्टमध्ये लिही, जुना शाफ्ट गंजून तुटला. मी सही करतो." कलेक्टर यायला तास उरला होता. सर ऐकत होते. पण त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, पान्याला तेल लावत बसले. त्यांनी पाहिलं असतं तर सोपं झालं असतं. मी कागद घेतला आणि लिहिलं: मोटर बसवताना रेषा न तपासता तपासल्याची नोंद केली, त्यामुळं शाफ्ट तुटला. खाली सही केली. साहेबांनी वाचलं, माझ्याकडं वेड्याकडं बघावं तसं पाहिलं.

बटण दाबलं. पंपानं दोनदा खोकल्यासारखं केलं आणि मग पाइपात पाणी चढल्याचा तो भरदार आवाज आला. काठावरची एक म्हातारी कानामागं हात धरून म्हणाली, "आलं गं बाई, आलं." मला ताकीद मिळाली आणि पावसाळ्याआधी बदलीही झाली. दोन्ही मी मुकाट्यानं घेतल्या.

त्यानंतर महिनाभरानं सर अर्ज घेऊन कॉलेजात गेले. एका जुन्या निकालात दुरुस्ती करावी, चूक परीक्षकाची आहे, असा अर्ज. बदलीच्या गडबडीत नांदेडला आलो होतो, म्हणून मी सोबत होतो. कारकून चांगला माणूस होता. त्यानं खुर्ची दिली, पण इतक्या वर्षांपूर्वीचा निकाल बदलता येत नाही, हे त्यालाही सांगावंच लागलं. सर बाहेर येऊन पायरीवर बसले. एवढं थकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "त्याच्या घरी जाऊन येऊ."

कारखानदार घरी नव्हता. त्याची आई होती. ओट्यावर बसून ज्वारी निवडत होती. सर कोण, हे मी सांगितलं तशी ती लगबगीनं उठली, सुनेला हाक मारली आणि आमच्यापुढं ताटं आली. भाकरी, पिठलं, ठेचा. सरांनी ताटाला हात लावला नाही.

"मावशी," ते म्हणाले, "तुमच्या पोराचं एक वर्ष माझ्यामुळं वाया गेलं. माझं चुकलं होतं."

मावशींना कमी ऐकू यायचं. "काय म्हणले?"

सर थोडं मोठ्यानं म्हणाले, "माझं चुकलं होतं."

"आं?"

तेव्हा सरांनी आवाज चढवला. गल्लीत खेळणारी पोरं थांबली, सून दारात आली, समोरच्या घरातलं कुणीतरी डोकावलं. "माझं चुकलं होतं, मावशी! माझं!"

मावशी त्यांच्याकडं टक लावून बघत राहिल्या. मग त्यांनी हात लांब करून ताट सरांच्या जवळ सरकवलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "आता जेवा. भाकर गार होऊन राहिली."