नारळाच्या तेलातली रायफल

बंदूक हातात आली की माझं डोकं थंड होतं, हे मी लग्नाआधीच सांगून टाकलं होतं. नागपूरला कॉलेजात एनसीसी कॅडेट होते, कॅम्पमध्ये नेमबाजीत भल्याभल्यांची तोंडं पाडली होती. नवऱ्याने ते हसण्यावारी नेलं. सासऱ्यांनी मात्र कान टवकारले. इंग्लंडात ब्रिस्टलला डॉक्टर म्हणून आले त्या काळात त्यांनी हॉस्पिटलमधल्या एका सहकाऱ्याची जुनी पॉइंट टू टू रायफल घेतली होती आणि दर रविवारी क्लबात जाऊन ते कागदी टार्गेटवर नेम धरायचे. मुलगा एकुलता एक, आणि त्याला साधा फटाका सोसत नाही. रायफल पुढे कुणाकडे जाणार, हे मला तरी स्पष्ट होतं.

म्हणून मी आमच्या रीडिंग शहरात नेमबाजीचा क्लब जॉइन केला. पोलीस घर बघून गेले, भिंतीला लोखंडी कपाट ठोकून झालं, लायसन्स आलं. आणि नेमका तेव्हाच बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, फोन.

"रायफल गेली गं. गोळी आत सरकवायचा बोल्ट जागचा हलत नाही. माझं लायसन्स या महिन्यात संपतंय, रिन्यू करणार नाही. पोलिसांकडे जमा करतो, ते तोडून टाकतील."

"तोडून? अहो बाबा, मी काय मेलेय का?"

"बिघडलेली वस्तू सुनेच्या गळ्यात मारू?"

"खुशाल मारा. माझा गळा मजबूत आहे."

शनिवारी सकाळी मी त्यांच्या किचन टेबलावर वर्तमानपत्र अंथरून बसले. बाबा कपाटातून रायफल घेऊन आले आणि समोरच्या खुर्चीत अंग चोरून बसले. बोल्ट हिसके देऊन देऊन एकदाचा बाहेर काढला, तर आत पांढरंफटक काहीतरी थिजलेलं. मेणासारखं. नखाने खरवडलं, वास घेतला. नारळाचं तेल!

माझं टाळकंच सटकलं. "हा दिवटेपणा कुणी केला? इथल्या थंडीत खोबरेल दगड होतं, एवढंही कळत नाही?"

 मी बेडरूममधून हेअर ड्रायर आणला आणि गरम हवा सोडली. तेल पाझरायला लागलं, आणि बघता बघता सगळ्या किचनमध्ये आईंच्या वेणीचा वास पसरला. माझ्या सासूबाईंच्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

"बंद कर ते," बाबा म्हणाले.

मी ड्रायर बंद केला. मग बाबा हळूहळू बोलायला लागले. खंडेनवमीला आई घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करायच्या. बाबांचा स्टेथोस्कोप, विळी, शिवणाचं मशीन आणि रायफल. हळद-कुंकू वाहायच्या आणि रायफलला कौतुकाने तेल चोपडायच्या, लहान मुलाच्या टाळूला भरतात तसं. तेल ते तेल, असं त्यांचं म्हणणं.

"तुम्ही कधी सांगितलं नाही त्यांना?"

"कशाला सांगायचं? ती लावायची, दसऱ्याला सकाळी मी पुसायचो. दर वर्षी. तिला कळतही नव्हतं." ते थांबले. "शेवटच्या वर्षी लावलं आणि दसऱ्याच्या पहाटेच तिला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. नंतर मला पुसवलं नाही."

म्हणजे रायफल बिघडलेलीच नव्हती. मला भडभडून आलं, आणि माझा मलाच रागही आला. पण रडत बसले असते तर महिना सरला असता आणि ती गेली असती भंगारात.

"बाबा," मी म्हटलं, "तोडली तर तेलही जाईल आणि रायफलही. पुसली तर एक तरी राहील. आणि लाकडी दस्त्याच्या खाचेतलं कुंकू मी काढणार नाही. शब्द देते."

बाबांनी खाचेवरून अंगठा फिरवला. मग माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि स्वतःच पुसायला लागले. मी फक्त ड्रायर धरला.

दुपारी बाबांच्या क्लबात गेलो. आधी मी पालथी झोपून पाच गोळ्या झाडल्या. पाचही दहा पेन्सच्या नाण्याखाली झाकल्या जातील अशा, पण सगळ्या डावीकडे. नळी ठणठणीत होती, माझा हातही. बाबा खूष होऊन म्हणाले, "नेमाची साइट माझ्या डोळ्याला बसवलीय, तुझ्या नाही. सरक."

गुडघ्यांमुळे ते टेबलाशी बसले. दस्ता खांद्याला लावला तेव्हा हात थरथरत होते. अर्धा श्वास सोडला आणि थरथर थांबली. गोळी थेट टार्गेटच्या काळ्या वर्तुळाच्या मधोमध! मी एवढ्याने ओरडले की शेजारच्या लेनमधल्या म्हाताऱ्याने डोळे वटारले. वटारू दे.

त्याच आठवड्यात कागदपत्रं झाली, रायफल माझ्या लायसन्सवर आली. ती न्यायला गेले तेव्हा मी गाडीशी थांबून ऐटीत म्हटलं, "खंडेनवमीला पूजा माझ्याकडे. तेल लावीन, पण बंदुकीचं."

"नाही," बाबा म्हणाले. "तू नारळाचंच लाव. दसऱ्याला सकाळी मी येतो पुसायला."