होतंय ते सांग

नवऱ्याला खेळ बघताना बकुळाने पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिला वाटलं, ह्या माणसाला काहीतरी होतंय.

लग्न होऊन ती नुकतीच डिलाईल रोडच्या चाळीत आली होती. चाळीसमोरच्या मैदानात हुतूतूचा सामना होता आणि माणसं घसा फुटेस्तोवर ओरडत होती. कोंडीराम मात्र फक्कीच्या रेघेला खेटून ओठ घट्ट मिटून उभा होता. गळ्याच्या शिरा टरारल्या होत्या. चढाईला गेलेला गडी दम न सोडता मधल्या रेघेवर परत आला, तेव्हा कुठे ह्याने श्वास सोडला. शेजारी त्याच्याच खात्यातली माणसं तशीच उभी होती. ज्याचं तोंड आधी उघडेल त्याने बाकीच्यांना चहा पाजायचा, अशी त्यांची पद्धत होती.

"माती दुसऱ्याच्या अंगाला लागते," ती घरी आल्यावर म्हणाली, "त्यात तुमचं काय?"

"तो जातो तेव्हा मीपण जातो," कोंडीराम म्हणाला. "दिवसभर मशीनपुढून हलता येत नाही बघ. इथे जाऊन परत येता येतं."

तिला ते पटलं नाही. पण सामना बघून आलेला नवरा जेवताना दोन गोष्टी जास्त बोलायचा, एवढं तिच्या ध्यानात आलं.

कोंडीराम गिरणीत कार्डिंग खात्यात होता. तिथे कापूस विंचरून त्याचा पेळू निघतो, आणि बारीक तंतूंची धूळ दिवसभर हवेत तरंगत राहते. विणाईखात्यात धूळ कमी आणि पगार बरा. पण तिथे मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि कोंडीरामच्या जातीच्या माणसाने तोंड लावलेला धोटा तोंडाला लावायला दुसरा विणकर तयार नसे. म्हणून कोंडीराम धुळीतच राहिला. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेलं की त्याची छाती आवळायची. पुढे सगळेच वार सोमवार झाले.

एकदा वरच्या मजल्यावरचा रामदास चढाईला गेला, कोंडीरामने त्याच्याबरोबर दम धरला, आणि रामदास परत आला तरी कोंडीरामचा श्वास काही परत येईना. चौघांनी त्याला उचलून खोलीत आणलं. त्या दिवसापासून बकुळाने त्याला मैदानात जाऊ दिलं नाही. थोड्याच दिवसांत जिनाच उतरवेना, तेव्हा मनाई करायचीही गरज उरली नाही.

तो दाराशी वळकटीला टेकून बसायचा. समोर गॅलरी, गॅलरीपलीकडे मैदान. पण सामन्याच्या दिवशी कठड्याला इतकी माणसं लागायची की त्याला दिसायच्या त्या नुसत्या पाठी. संयुक्त महाराष्ट्राची सभा असली की कर्ण्यातून शब्दन् शब्द खोलीत यायचा. खेळाला कर्णा नव्हता.

"तू बघ आणि मला सांग," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी तिने सांगितलं, "एक बोडका धावत गेला. सगळ्यांनी मिळून त्याला पाडला. आता हसतायत."

"तो आपला की त्यांचा?"

"पाठमोरा होता."

शेजारची मीराबाई पोट धरून हसली. "कोंडीराम, बायकोला आधी गिरणीतल्यासारखी बदली कामगार ठेवायची होतीस. एकदम कायम केलीस."

हळूहळू बकुळाला खेळ कळू लागला. कळू लागला तशी ती एक लबाडी करू लागली. चढाई चालू असेतो गप्प राहायची, आणि संपली की सांगायची, "रामदास एक गडी मारून आला." म्हणजे नवऱ्याला दम धरायला जागाच उरायची नाही.

त्याने ते ओळखलं. "गलका आधी येतो, तू मागून येतेस."

"सांगते ना सगळं?"

"झालेलं मला कोणीपण सांगेल, बकुळे. होतंय ते सांग."

"आणि तुमचा दम?"

"माझा आहे तो."

अंतिम सामन्याच्या दिवशीही उशिराच सांगायचं, असं ठरवूनच ती कठड्याशी उभी राहिली.

शेवटच्या चढाईला रामदास निघाला. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात राहून आल्यापासून तो वाळला होता. एक गडी मारून परतला तरच चाळीचं मंडळ जिंकणार होतं. बकुळाच्या तोंडून आपोआप निघालं, "रामदास निघाला. रेघ ओलांडली. डावीकडे गेला... कोपऱ्यातला पुढे येतोय..." तिचे हात सवयीने जोडले गेले. पण घरातले देव त्या दोघांनी नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावरच उतरवून ठेवले होते. भिंतीवरच्या बुद्धाला नवस बोलायचा नसतो. जोडलेले हात तसेच राहिले. रामदासने कोपऱ्यातल्याला हात लावला, वळला, मागून कोणीतरी त्याचा घोटा धरला. बकुळाची वाचा थांबली. नवरा, खोली, औषधाची बाटली, काहीच तिला आठवेना.

रामदास हात लांबवून पडला. रेघ राहिली. पलीकडच्या बाजूने गलका उठला.

बकुळा वळली. पाठींच्या फटीतून तिला कोंडीराम दिसला. ओठ मिटलेले, चेहरा काळानिळा, डोळे तिच्यावर. गलका कोणाचा ते त्याला कळलं नव्हतं. तिने सांगितलं नव्हतं म्हणून त्याने श्वास सोडला नव्हता.

"धरला त्याला," ती धावत येत म्हणाली. "सोडा. सोडा आता."

तो किती तरी वेळ खोकत राहिला. मग विचारलं, "रेघ किती राहिली?"

"वीतभर."

"मग वाईट नाही." थोड्या वेळाने तो म्हणाला, "मधेच गप्प का झालीस?"

"मला काय ठावं."

"मला ठावं आहे," कोंडीराम म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी हसला.

पावसाळ्यात तो गेला. डॉक्टर म्हणाले, छातीत धूळ होती, दुसरं काही नाही. बकुळाने मान हलवली. पण भाकऱ्या थापताना ते मिटलेले ओठ तिला दिसायचे, आणि आपण गप्प होतो तेवढा वेळ त्याच्या आयुष्यातून गेला की काय, हे तिला कोणी सांगू शकत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, तेवढा वेळ ती सुखात होती.

पुढच्या हंगामात मुंबईसह महाराष्ट्र होणार हे ठरलं होतं. चाळीत पेढे वाटले गेले. मैदानात पुन्हा फक्की पडली. कठड्याशी बायकांनी तिची जागा मोकळी ठेवली होती. ती गेली नाही. दाराशी वळकटीला टेकून बसली. समोर नुसत्या पाठी.

बाहेरचा गलका एकाएकी ओसरला. पाठी ताठ झाल्या.

मीराबाईने मागे वळून पाहिलं नाही. मैदानावरची नजर न काढता ती खोलीच्या दिशेने म्हणाली, "रामदास निघाला गं. रेघ ओलांडली. उजवीकडे जातोय..."

बकुळाने ओठ मिटले.