महादूमामाची टाच

"शेवंते, गेला गो तुझा मामा," एवढंच मामी फोनवर म्हणाली. मी तांदूळ निवडत बसले होते. ताट तसंच ओट्यावर सरकवलं आणि पहिला विचार मनात आला तो सांगायचीही लाज वाटावी असा. वाटलं, आता ती गोष्ट माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही... रडू नंतर आलं, रिक्षा अष्टमीच्या पुलावर चढली तेव्हा. आधी नुसती छातीत धडधड. पन्नासहून जास्त वर्षं झाली, पण गोष्ट आठवली की ही धडधड ठरलेली, आणि ती घालवायचा उपाय ज्याच्याकडे होता तोच निघून गेला होता.

तेराव्याला मामाच्या अंगणात पंगत बसली. खांब फाट्यापासून आत दोन मैलांवर त्याचं गाव. जेवता जेवता त्याच्याच भावकीतला एक जण म्हणाला, "काय नेम व्हता म्हाद्याचा! पन नशीब बगा, वाघाला मारायला गेला नि आपल्याच टाचंत गोळी घालून आला." पंगत हसली. मेल्यांना हसायला तेरावाच सापडला! मी वाढता वाढता थांबले, तोंड उघडलं... आणि मिटलं. असं तोंड मिटायची मला जन्माची सवय. घरी आले, रात्रभर स्वतःलाच शिव्या घातल्या आणि ठरवलं, हे लिहून टाकायचं. तर ऐका. ती गोळी महादूमामानं मारली नव्हती. ती माझ्या हातून सुटली. मी तेव्हा तेरा वर्षांची होते.

माझे आईबाबा पेणकडच्या मिठागरावर कामाला. दिवाळी झाली की त्यांचं घर म्हणजे बांधावरची झोपडी, म्हणून मी शाळेसाठी मामाकडे. मामाला मूलबाळ नव्हतं. भात निघालं की रानात वाल पेरायचे, आणि वाल उगवून आले की डुक्कर, भेकर, कोल्हे सगळ्यांची चंगळ. मामाकडे परवान्याची बारा बोअरची जुनी बंदूक होती. सगळ्या वाडीची राखण त्या एका बंदुकीवर. तेव्हा शिकारीला बंदी नव्हती, कायदा पुढे आला. मी त्याच्यामागे लागले की मलाही शिकव. मामी कपाळाला हात लावायची, "बंदूकवाली नवरी कोन करंल गो?" मामा हसायचा. त्यानं माझ्या खांद्याला मुसळ टेकवलं, टोकाला पाण्याचा तांब्या टांगला आणि म्हणाला, पाणी हलता कामा नये. महिनाभर मी रोज संध्याकाळी अंगणात मुसळ धरून उभी. मधेमधे तो विचारायचा, "लागतंय का गो?" हा त्याचा कायमचा प्रश्न. नवी चप्पल घेतली तरी विचारायचा, काटा काढतानाही, अगदी माझं लग्न ठरल्यावर सासरचं कोणी काही बोललं तरी हेच.

त्या हिवाळ्यात बिबट्या आला. आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात. आधी दोन कुत्री गेली, मग गोठ्याच्या दारातून शेळी. बायका गवताला जाईनाशा झाल्या. जुनी बंदूक लांबच्या जनावराला कामाची नाही म्हणून मामानं रायफलीची परवानगी आणली. पण परवान्यावर एकच रायफल चढणार होती. म्हणजे तीच वाघाला पुरायला हवी आणि तीच मला भेकरासाठी, कोल्ह्यासाठी उचलायला हवी. मामाच्या मनात दोन्ही होतं. रायफल आणायला निघताना मामीनं मला चुलीपाशी ओढलं. "हे बग, तुज्या लाडापायी त्यानं पोरखेळातली बंदूक आनली आनि वाघानं त्याला फाडला, तर मी कोनाच्या तोंडाकडं बगू?"  एसटीत पेणपर्यंत तेच डोक्यात. वडखळ कधी मागे पडलं तेसुद्धा कळलं नाही.

पेणला बंदुका दुरुस्त करणारे आणि विकणारे एक हसनचाचा होते. मामाचा त्यांच्यावर फार विश्वास. चाचांनी तीन रायफली काढल्या. पहिली बावीसची, बारीक नळीची. ती मी हातात घेतली तर काठीसारखी हलकी. चाचा म्हणाले, "ये कोल्ह्याला ठीक हाय. पन भेकराला लागेल आनि मरनार नाय. पोटात गोळी घेऊन दोन दिवस झाडीत पडून राहील. वो पाप मेरे माथे नको." दुसरी कोणा साहेबाची, विकायला ठेवलेली, तिला ते हॉर्नेट म्हणत. नळी तशीच बारीक पण काडतूस लांब, दारू जास्त. भेकराला पुरेशी, झटका जवळजवळ नाही, पोरीच्या खांद्याला एकदम बरोबर. "आनि वाघाला?" मामानं विचारलं. चाचांनी मान हलवली. "जवळ असेल, नेम काळजात बसला, तर. नायतर चिडवल्यासारखं होईल." तिसरी तीनशे पंधरा. वाघ, डुक्कर, काही येवो. जड. आणि खांद्याला टेकवायचा दस्ता असा मागे यायचा की चाचा स्वतः खांद्याखाली टॉवेलाची घडी घालायचे.

खाडीकडच्या बांधावर नेऊन त्यांनी मला पुढच्या दोन्ही एकेकदा मारायला दिल्या. हॉर्नेट झाडली तेव्हा चिखलात ठरल्या जागी भोक पडलं आणि मला कळलंसुद्धा नाही. मग तीनशे पंधरा. दात एकमेकांवर आपटले, खांद्यातून कळ पार बोटांपर्यंत गेली, डोळ्यांत टचकन पाणी आलं. मामा वाकून माझ्याकडे बघत होता. "लागतंय का गो? खरं सांग. लागत असंल तर दुसरीच घेऊ. वाघाचं मी बगून घेईन." वाघाचं मी बघून घेईन! या एका वाक्यानं घात केला. मला दिसला तो बारीक नळीची बंदूक घेऊन झुडपात शिरणारा मामा आणि उंबऱ्यात बसलेली मामी. मी म्हटलं, "नाय." त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, "नाय रे, जरापन नाय." आणि तीनशे पंधरा घरी आली.

पुढचे पंधरा दिवस मी काय भोगलं ते मलाच माहीत. मामा दर दोन दिवसांनी एक काडतूस द्यायचा, कातळावर मडक्याची खापरी ठेवायचा. खांदा आधी लाल, मग जांभळा, मग हिरवट. मी झंपर कोणासमोर बदलेना. पण खांद्यापेक्षा वाईट सवय डोळ्यांना लागली. घोड्यावर बोट गेलं की डोळे आपोआप मिटायचे आणि हात खाली जायचा. खापरी जागच्या जागी, गोळी खाली मातीत. "डोळा मिटतेस काय?" मामानं एकदा विचारलं. "नाय." माझं हे 'नाय' म्हणजे एकावर एक रचलेली उतरंड झाली होती. खालचं मडकं काढलं तर सगळंच कोसळेल या भीतीनं मी वर नवं ठेवत गेले.

मग ती सकाळ. वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे बिबट्यानं शेळी मारून टाकल्याचं कळलं. मामा फक्त माग बघायला चालला होता आणि मी हट्टानं मागे लागले. झाडीत जवळून कामाला येईल म्हणून त्यानं जुनी बंदूक स्वतः घेतली, रायफल माझ्याकडे, चुकून सुटू नये म्हणून खटका बंद करून. "मागं ऱ्हा, माज्या पावलावर पाऊल," एवढंच म्हणाला. कातळ उतरताना डाव्या अंगाची करवंदीची जाळी हलली. मामा पुढे बघत होता. पुन्हा हलली, आणि काहीतरी तांबूस त्याच्याच दिशेनं सुटलं. मी ओरडायला हवं होतं. पण त्याआधी हातानं खटका सारला, दस्ता खांद्याला, त्या दुखऱ्या जागी, आणि डोळे... मिटले. हात खाली गेला. आवाज झाला. डोळे उघडले तेव्हा एक भेकराचं पिल्लू वहाळ ओलांडून पळत होतं आणि मामा खाली बसला होता. गोळी त्याच्या मागे कातळावर आपटून तिचा तुकडा टाचेवरच्या शिरेत घुसला होता. वाघ तिथे नव्हताच.

मामा मागे वळला. तोंड पांढरंफटक. आणि काय म्हणाला असेल? म्हणाला, "तुला लागलं काय गो?"

 त्यानं रायफल माझ्या हातातून काढून घेतली, खांद्यावरच्या टॉवेलानं दस्ता पुसला, टॉवेल पायाला करकचून बांधला. "ऐक, शेवंते. ही माज्या हातात व्हती. मी घसरलो. तू घरात व्हतीस, वाल सोलत व्हतीस. आईची शप्पत घे." परवाना त्याच्या नावाचा, गोळी माझी. पोलीस आले असते तर काय झालं असतं ते मला तेव्हा कळत नव्हतं, त्याला कळत होतं. "शेताकडनं जा, वाटंनं नको. तू घरी पोचलीस की मी हाक मारीन." मी पळाले. कुंपणं, काटे, ढेकळं, काही बघितलं नाही. विहिरीपाशी आले तरी हाक नाही. अंगण आलं तरी हाक नाही. मामी मागे गोठ्यात होती. मी सुपाशी बसले, शेंगा हातात घेतल्या, आणि कान वहाळाकडे. देवा, हा तिथे मेला काय? उठून ओरडू? शपथ घातलीय... एक शेंग सोलली, दुसरी सोलली. तेव्हा कुठे लांबून हाक आली. त्यानं मला घरी पोचायला लागेल त्याहून जास्तच वेळ दिला होता, रक्त जात असताना.

रोह्याला नेलं, पाय वाचला, पण शीर जुळली नाही. पंचनामा झाला, हयगय म्हणून परवाना रद्द झाला, दोन्ही बंदुका जमा. बिबट्या आपणहून डोंगरापलीकडे गेला तो गेलाच. वाडीची बंदूक गेली म्हणून लोक वर्षभर मामावर करवादले आणि मग चिडवायला लागले, ते कायमचंच. सगळ्यांत जास्त मामी. कोणी आलं की सुरू, "आमचा नेमबाज! सोताची टाच सोडून कायबी दिसत नाय त्याला!" मामा लंगडत हसायचा. पुढे हिवाळ्यात तो वालाच्या शेतात राखणीच्या माळ्यावर बसून डुकरं पळवायला तेलाचा रिकामा डबा बडवायचा, आणि मी अष्टमीला सासरी आले तरी दर वर्षी चार दिवस जाऊन त्याच्याबरोबर डबा बडवून यायचे. दुसरं काय करू शकत होते मी? एकदा म्हटलं, सांगते सगळ्यांना. तो पहिल्यांदाच माझ्यावर भडकला. "मंग मी फुकाट लंगडलो काय?"

तो जायच्या पंधरा दिवस आधी मी त्याला भेटले. खाटेवर पडून होता, हाडं मोजून घ्यावीत असा झालेला. मामी मागच्या दारी होती. मी त्याच्या कानाशी वाकून म्हटलं, "मामा, तेव्हा पेणला... मला लागत होतं रे."  तो म्हणाला, "ठाव हाय. तू कळशी दुसऱ्या कमरंवर घ्याला लागली व्हतीस." मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?" "वाटलं, तू सांगशील. येत्या बाजाराला जाऊन बदलूनच आननार व्हतो..." आणि डोळे मिटून घेतले. कुशीवर वळवताना त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. मी विचारलं, "लागतंय का रे?" म्हणाला, "नाय."

हे सगळं लिहून झालं, पण छापायला देण्याआधी मामीला वाचून दाखवणं भाग होतं. तिला कळल्यावर ती मला उंबऱ्यातून आत घेईल की नाही याची खात्री नव्हती.  तिच्यासमोर ओसरीवर बसून वाचलं, वर न बघता. संपल्यावर मामी उठली. दाराशी मामाच्या चपला अजून तशाच होत्या. उजवीच्या टाचेला टायरचा जाड तुकडा मारलेला, दर पावसाळ्यानंतर मामीच तो नवा मारून आणायची. ती चप्पल तिनं उचलून मांडीवर घेतली.

"मला काय वाचून दावतेस? गोळी मागनं घुसली व्हती गो. दोन महिने ती जखम मी धुतली. आपल्या टाचंला मागनं कोन गोळी मारून घेतो?"

मी विचारलं, "मग मामी, जन्मभर त्याला चारचौघांत बोलत का राहिलीस?"

"मी बोलले नसते तं लोकांना खरं वाटलं असतं?" ती चप्पल पुसत म्हणाली. "मीच तुला चुलीपाशी भरवलं व्हतं ना... मंग?"

तिनं चप्पल पुन्हा जोडीला लावून दाराशी ठेवली. जवळ आली आणि माझ्या उजव्या खांद्यावर बोटं दाबली, बरोबर त्या जागी. "हितं लागत व्हतं ना?"

मी म्हटलं, "व्हय."