कपवाल्या भट्टीचा हिरवा रंग शोधताना

दुकानात एक बाई फडक्यात गुंडाळलेला वाडगा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, असे आणखी पाच द्या. मी अमरावतीत कपबश्या विकतो. सायकलच्या कॅरिअरला टोपली बांधून सुरुवात केली होती, आता दोन मजली दुकान आहे. भांडं उलटं करून बोटाने वाजवलं की ते कुठलं हे मला बहुतेक वेळा सांगता येतं. हे सांगता येईना. चाकावर घडवलेलं, चांगलं जड, आणि रंग हिरवा म्हणावा तर राखाडी, राखाडी म्हणावा तर आत कुठेतरी हिरवा. बाई म्हणाल्या, माहेरचा आहे, घाटंजीकडचा, कपवाल्या भट्टीचा. घाटंजीकडून मी आजवर फक्त कापसाच्या बातम्या ऐकल्या होत्या. पाच वाडगे नाहीत असं गिऱ्हाइकाला सांगणं माझ्या जिवावर येतं, म्हणून होळीच्या आधी दोन दिवस काढले आणि गाडी काढली.

अमरावतीहून नेरमार्गे यवतमाळ गाठलं. रस्ता बरा आहे, नेरच्या पुढे मात्र खड्डे चुकवण्यात बोलणं राहून जातं. नेरला तर्री-पोहे खावेत. तर्री वेगळी मागितली तर मुकाट्याने मिळते. यवतमाळात मुक्काम नानांकडे. नाना माझं जुनं गिऱ्हाईक, जिल्हा कचेरीतून निवृत्त, प्रत्येक वाक्याआधी चष्मा पुसणारे. कपवाली भट्टी म्हटल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं की ती भट्टी त्यांच्या काकांची.

काका चित्रकलेचे शिक्षक होते. कुठून तरी ग्लेज, म्हणजे भांड्यावरची काचेसारखी झिलई, शिकून आले आणि घाटंजीच्या पुढे एका गावात टिनाची शेड टाकून तिथल्या कुंभारांना शिकवलं. सुरुवातीला तिथे कपच व्हायचे, म्हणून कपवाली भट्टी. रंगांची रसायनं परवडत नव्हती, म्हणून पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांची, राख वापरली. राखेतून तो हिरवा. "सगळं पुस्तकातून, मापाने," नाना म्हणाले. दुसऱ्या दिवशी तेही निघाले, काकांची भट्टी दाखवायला.

यवतमाळहून घाटंजी तास-सव्वातास. एसटी आहे, पण पुढच्या गावाला दिवसातून मोजक्याच गाड्या जातात, तेव्हा स्वतःचं वाहन बरं. दोन्ही बाजूंना वेचून झालेली शेतं, मधेच पळस पेटलेला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांपायी या भागात सध्या पेपरवाल्यांच्या आणि टीव्हीवाल्यांच्या गाड्या सारख्या फिरतात. घाटंजीत चहाला थांबलो तर न विचारताच टपरीवाल्याने कापसाचा भाव, बियाण्याची थैली आणि अळी यांची माहिती द्यायला सुरुवात केली. मी म्हटलं, आम्ही भांडी बघायला आलो. बाकड्यावरचा एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "भांडे पाहाले आले म्हन्ते. आता आपल्या घरातले भांडेबी मोजतीन हे." कुणी हसलं नाही, म्हणून मी हसलो. मग सगळे हसले आणि रस्ता मिळाला.

भट्टी गावाच्या टोकाला आहे. टिनाची शेड, दोन चाकं, मागे विटांची लांबट भट्टी, आणि घराएवढा उंच पऱ्हाटीचा ढीग. भट्टी चालवणाऱ्या शेवंताबाई साठीच्या आसपासच्या. खांदा गेल्यामुळे त्या आता चाकावर बसत नाहीत. चाकावर असतो ज्ञानेश्वर, त्यांच्या दिराचा मुलगा, दोन लेकरांचा बाप. मी कपबश्यांचा व्यापारी हे कळताच त्याने हात धुतले आणि सरळ मुद्द्यावर आला. मुकुटबनकडे खाणीत काम मिळत होतं, महिन्याच्या महिन्याला पगार. भट्टी लावलेली आहे, उद्या उघडायची. "जुना हिरवा निघाला अन् तुमी माल उचलला, तं मी राह्यतो. नाही तं होळी झाल्यावर चाललो."

शेवंताबाई ऐकत होत्या. तो गेला तर चाकावर बसायला दुसरं कुणी नव्हतं हे सांगावं लागलं नाही. दुसरं चाक उलटं ठेवलेलं होतं आणि त्यावर कोंबडी बसली होती. त्यांनी मला एवढंच विचारलं, "भाऊ, हिरवाच पाहिजे का?" मी म्हटलं, "हिरवाच. गिऱ्हाईक तोच मागते." मान हलवून त्या चहा टाकायला गेल्या.

गोंधळ तिथून पुढे सुरू झाला.

मला जुना रंग नीट पाहायचा होता. शेवंताबाई म्हणाल्या, इथे जुनं काही नाही, गावात पाहा. या भट्टीची एक रीत आहे. वेचणी झाली की प्रत्येक घर पऱ्हाटीचा एक भारा भट्टीवर आणून टाकतं आणि भट्टी उघडली की एक वाडगा घेऊन जातं. पैशाचा व्यवहार नाही. त्या भाऱ्यांवर भट्टी पेटते, आणि त्यातून जी राख उरते ती धुऊन, चाळून पुढच्या भट्टीच्या भांड्यांवर चढते. म्हणजे यंदा शेतात जे उभं होतं त्याचा रंग पुढच्या खेपेच्या वाडग्यावर दिसतो. भट्ट्या वर्षाला दोन, एक होळीच्या सुमाराला, एक पाऊस लागायच्या आधी. हे मला नानांनी एकदा, शेवंताबाईंनी एकदा आणि ज्ञानेश्वरने वाळूत रेघा ओढून एकदा समजावलं. तिसऱ्यांदा समजल्यासारखं वाटलं.

तर भट्टीचा सगळा इतिहास गावाच्या चुलीपाशी फळीवर मांडलेला. पहिल्या घरात आजीबाईंनी सात वाडगे काढले. "हा जुना हिरवा," म्हणून जो दिला तो मला निळसर वाटला. दुसऱ्या घरातला जुना हिरवा पिवळट, मुगाच्या वरणासारखा. तिसऱ्या घरातला राखाडी, हिरव्याचा पत्ता नाही. तिघींनी सांगितलं की जुना रंग एकच होता आणि तो हाच. साल विचारलं तर उत्तर अळीच्या साली, नवं बियाणं आलं त्या साली, मोठीच्या लग्नाच्या साली. मोठीच्या लग्नाचं साल मला काय ठाऊक? त्यात शेजारणी वाडगे बदलतात, लेकीला आंदण देतात, फुटला तर भावाच्या घरून आणतात. बोंडअळीच्या साली रंग काळपट आला असं एकीने सांगितलं, आणि दुसरीने त्याच सालचा म्हणून सगळ्यात उजळ वाडगा पुढे केला.

सुरुवात कुणी केली यावरही एकमत नाही. नानांचे काका होते, यात वाद नाही. पण कुंभारवाड्यात सांगतात, काका आले तेव्हा त्यांची भांडी भट्टीत तडकत होती. भट्टीला उतार द्यायचं शेवंताबाईंच्या सासऱ्यांनी सुचवलं. जवळच कोलामांचं पोड आहे, म्हणजे वस्ती. तिथली एक बाई म्हणाली की पांढरी माती आमच्या टेकडीची, आम्ही दाखवली नसती तर मास्तर गाडगीच करत बसला असता. नाना चष्मा पुसत राहिले. परत येताना म्हणाले, "काकांनी पुस्तकात काय वाचलं होतं कुणास ठाऊक." मला तर तिन्ही गोष्टी खऱ्या वाटल्या, आणि तिन्ही मिळून एक गोष्ट होत नव्हती.

जेवण शेवंताबाईंकडे: पाटोडीची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा. रात्री घाटंजीत लॉजवर राहिलो. खोली स्वस्त, पांघरूण स्वतःचं न्यावं.

सकाळी भट्टी उघडली. अर्धं गाव आलेलं. ज्ञानेश्वर तोंडाच्या विटा काढून आत वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग पहिला वाडगा बाहेर आला. तपकिरी. दुसरा तपकिरी, वर पांढुरके ठिपके. तिसरा गुळासारखा. मागच्या कोपऱ्यातले दोन-तीन तेवढे हिरव्याच्या आसपास.

ज्ञानेश्वरने माझ्याकडे पाहिलं नाही. लोक मात्र बोलू लागले. नानांच्या मते आच कमी पडली. एकाच्या मते नव्या बियाण्याच्या पऱ्हाटीत दमच नाही. मी ढिगाकडे गेलो आणि हाताने उपसून पाहिलं, कारण माल उपसून पाहणं हा माझा धंदा आहे. वर पऱ्हाटी, खाली तुरीच्या काड्या, ज्वारीचे धांडे, आणि एका भाऱ्यात चक्क सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, बांधलेलं. कापसाने मार दिल्यावर अर्ध्या गावाने दोन सालांपूर्वीच पेरणी बदलली होती. ज्याच्या शेतात जे, तेच त्याच्या भाऱ्यात.

मला वाटलं, सापडलं. शेवंताबाईंना बाजूला घेऊन सांगितलं की सोपं आहे, एका शेतकऱ्याची निव्वळ पऱ्हाटी विकत घ्या, तिचीच राख करा, बाकीचे भारे परत पाठवा. पऱ्हाटी मी घेऊन देतो.

"भारा परत पाठवाचा?" त्यांनी मी काहीतरी अभद्र बोललो असल्यासारखं पाहिलं. "त्याच्या घरी पऱ्हाटीच नाही तं तो काय आनीन? भारा फिरवला म्हंजे त्याले वाडग्यातून काढलं ना, भाऊ."

"अन् ज्ञानेश्वर गेला तं?"

त्या पदराने एका तपकिरी वाडग्याची राख पुसत राहिल्या. त्यांना माहीत होतं. बहुतेक दोन-तीन भट्ट्यांपासून माहीत होतं की भाऱ्यांमुळे रंग जातोय, आणि रंग गेला की पुतण्या जाणार. तरी त्यांनी एकही भारा फिरवला नव्हता. हे मला आजही नीट समजलेलं नाही. नुकसान समोर दिसतंय, उपाय हातात आहे, आणि माणूस तो उचलत नाही. असा दुकानदार मी पाहिला असता तर त्याला उधार माल दिला नसता.

एवढ्यात लोक आपापला वाडगा उचलू लागले. सोयाबीनच्या कुटाराचा भारा ज्यांचा होता त्या आजोबांनी गुळाच्या रंगाचा वाडगा उन्हात धरला, आत पाहिलं आणि शेजाऱ्याला म्हणाले, "मायासारखाच दिसते बे." शेजारी म्हणाला, "तुयाहून गोरा आहे."

मी तिन्ही घरांतले जुने हिरवे आठवत उभा होतो. निळसर, पिवळट, राखाडी. मी जो रंग मागत होतो तो एका बाईच्या एका वाडग्याचा. बाकी गावाकडे तो कधी होता की नव्हता, हे मला सांगता येणार नाही. मी ज्ञानेश्वरला म्हटलं, सगळा माल दे. हिरवा, तपकिरी, जो असेल तो.

त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याने विचारलं, "दया करून राह्यले का?"

"मी दोन मजले दयेवर बांधले नाही," मी म्हटलं. त्यावर तो माल बांधायला पेंढा आणायला गेला. राहणार की जाणार हे मात्र बोलला नाही, आणि मीही विचारलं नाही.

परतीचा रस्ता तोच, खड्डे तेच. माल दुकानात पुढच्या फळीवर मांडला. हिरवे तीन निघाले ते वाडगेवाल्या बाईंना दिले. पाच नव्हते म्हणून त्या थोड्या नाराज झाल्या. बायकोने सगळी फळी पाहून विचारलं, एकासारखा एक नाही, सेट म्हणून विकायचं काय? तरी माल हळूहळू जातो आहे. कुणी एक उचलतं, ठेवतं, दुसरा उचलतं. घेणारे बराच वेळ घेतात.

वैशाखात फोन आला. ज्ञानेश्वर होता. मी म्हटलं, कुठून बोलतो, मुकुटबनहून का? म्हणाला, नाही, घाटंजीच्या एसटीडीवरून, पावसाआधीची भट्टी भरून राह्यलो. मग म्हणाला, "काकू विचारते, तुमच्या घरचा भारा कवा येते? बाकी साऱ्याइचे आले."

मी म्हटलं, अरे, मी पैसे दिले ना. तो म्हणाला, पैसे वेगळे, भारा वेगळा, वाडगे नेले त्या घरचा भारा येते. मी म्हटलं, माझ्याकडे शेत नाही. त्याने ते मागे कुणाला तरी सांगितलं, मागून काहीतरी उत्तर आलं, आणि तो म्हणाला, "काकू म्हन्ते, जे आहे ते आना."

दुकानाच्या मागे काचेच्या मालासोबत आलेलं धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, पडलेलं असतं. त्याचा भारा बांधायला माणूस लावला तर त्याला बांधता येईना, शेवटी मीच बांधला. टपावर टाकून उद्या पहाटे निघतो आहे. धानाच्या राखेचा रंग कसा येतो हे नानांना फोन करून विचारलं. त्यांनाही माहीत नाही. जो काही येईल तो पुढच्या होळीच्या वाडग्यांवर दिसेल, म्हणजे तोवर ज्ञानेश्वरला चाकावर बसणं भाग आहे आणि मला परत जाणं. मी आयुष्यभर सौदे केले. हा सौदा कुणी केला, मी की शेवंताबाईंनी, ते अजून लक्षात येत नाही.